डिझेल मोटारीतील काजळीची गाळणी : ती काढून टाकणे कायद्याला धरून आहे काय?

दूध, भाजीपाला, खते, बियाणे आणि माणसे यांची ने-आण करण्यासाठी ग्रामीण भागात डिझेलवर चालणाऱ्या जीपगाड्या, पिकअप व मोटारी आता सर्वत्र वापरात आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशातील नव्या मोटारींना ‘भारत स्टेज-६’ हे धुराविषयीचे मानदंड लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल मोटारींत, धूर बाहेर सोडणाऱ्या नळीच्या मार्गात, काजळी अडविणारी एक गाळणी बसविलेली असते. गॅरेजमध्ये व वाहनाच्या पुस्तिकेत ती ‘डीपीएफ’ या नावाने ओळखली जाते.

ही गाळणी तुंबू लागली म्हणजे चालकासमोरील फलकावर पिवळा दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास गाडीची ओढ कमी होते व शेवटी गाडी दुरुस्तीस न्यावी लागते. नव्या गाळणीची किंमत ऐकून मालक चिंतेत पडतो. अशा वेळी ‘गाळणी कापून काढू, साधी नळी जोडू, पुन्हा कटकट नको’ असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. हा सल्ला कायद्याला धरून आहे काय, त्याने खरोखर पैसे वाचतात काय, आणि त्याचा परिणाम कोणाला भोगावा लागतो, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वाहनमालकास माहीत असणे अगत्याचे आहे.

काजळी म्हणजे काय?

डिझेल इंजिनात इंधनाचे ज्वलन पूर्णपणे होत नाही. न जळलेल्या कार्बनचे अतिसूक्ष्म कण धुराबरोबर बाहेर पडतात. हीच काजळी होय. एका मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ७० मायक्रॉन धरली, तर काजळीचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात आणि त्यांतील पुष्कळसे मायक्रॉनच्या दहाव्या भागाहून लहान असतात. शेतातील धूळ नाकातील केसांत व घशात बऱ्याच अंशी अडते. हे कण मात्र फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरू शकतात. दमा व श्वसनाचे विकार त्यांमुळे बळावतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाच्या धुराचा समावेश मनुष्यास निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला.

गाळणीची रचना व कार्य

ही गाळणी उष्णता सहन करणाऱ्या चिनीमातीसारख्या सच्छिद्र पदार्थाची असते. आतून ती मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसते. तिच्यात शेकडो अरुंद नळ्या असतात आणि प्रत्येक नळीचे एकच तोंड उघडे ठेवलेले असते. शेजारच्या नळीचे उघडे तोंड विरुद्ध बाजूस असते. त्यामुळे एका नळीत शिरलेला धूर भिंतीतून झिरपूनच दुसऱ्या नळीत जाऊ शकतो. वायू पार होतात, काजळी भिंतीवर राहते. सुस्थितीतील गाळणी वजनाने ९० टक्क्यांहून अधिक काजळी अडविते.

मानदंडांच्या आकड्यांवरून हा फरक कळून येईल. भारत स्टेज-४ मध्ये डिझेल मोटारीस दर किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती. भारत स्टेज-६ मध्ये ती मर्यादा साडेचार मिलिग्रॅमवर आणली गेली. शिवाय कणांच्या संख्येवरही बंधन आले. एका किलोमीटरमध्ये ६०,००० कोटींहून अधिक कण बाहेर पडता कामा नयेत, असा हा नियम आहे. संख्या ऐकण्यास मोठी वाटते; परंतु गाळणी नसलेले डिझेल इंजिन याच्या कित्येक पट कण सोडते. यासाठी इंधनही बदलावे लागले. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत ५० भागांवरून १० भागांवर आणले गेले.

अडविलेली काजळी गाळणीतच जाळून टाकावी लागते. गाडी मोठ्या रस्त्यावर काही वेळ सारख्या वेगाने चालली की धूर पुरेसा तापतो आणि काजळी हळूहळू आपोआप जळते. तसे न झाल्यास गाळणीच्या पुढच्या व मागच्या दाबातील फरकावरून गाडीतील संगणकास साठा वाढल्याचे कळते. मग थोडे अधिक डिझेल देऊन गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेले जाते व काजळी जाळली जाते. या क्रियेस ‘रिजनरेशन’ म्हणतात. मराठीत तिला गाळणीची स्वयंशुद्धी म्हणता येईल.

गाळणी का तुंबते?

गाळणी तुंबण्याचे कारण बहुधा गाळणीत नसते, गाडीच्या वापरात असते. घर ते मळा, मळा ते दूध-संकलन केंद्र, तेथून बाजार, अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद होते. कच्च्या रस्त्यावर गाडी सावकाश चालते. माल चढविताना इंजिन उभ्या जागी तासन्‌तास सुरू ठेवले जाते. या तिन्ही प्रकारांत काजळी तयार होते, पण जळत नाही. स्वयंशुद्धी सुरू होताच गाडी बंद केली जाते आणि ती क्रिया अर्धवट राहते. असे वारंवार घडल्यास त्या कामासाठी दिलेले जादा डिझेल इंजिनच्या तेलात उतरते, तेलाची पातळी वाढते व तेल पातळ होऊन इंजिनची झीज होते.

दुसरे कारण चुकीचे तेल. साध्या इंजिन-तेलातील काही रसायने जळल्यावर राख होते. काजळी जळून नाहीशी होते, राख मात्र गाळणीतच साठत जाते. म्हणून अशा गाड्यांना कमी राख देणारे तेलच वापरावे लागते. तिसरे कारण भेसळीचे इंधन. स्वस्त मिळते म्हणून डब्यातून घेतलेले अप्रमाणित तेल किंवा केरोसीन-मिश्रित डिझेल यांमुळे काजळी वाढते आणि त्यातील अधिक गंधकाने धूर शुद्ध करणारी यंत्रणा निकामी होत जाते.

ठिबक सिंचन करणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. ठिबकची गाळणी गाळाने भरली की तो तिची जाळी धुतो, पाण्याचा उलटा प्रवाह सोडतो. गाळणीच काढून टाकण्याचा विचार तो करीत नाही. कारण तसे केल्यास आठवड्याभरात तोट्या बंद पडतील, हे त्यास ठाऊक असते. मोटारीच्या गाळणीची गोष्ट तीच आहे. फरक इतकाच की, ठिबकची गाळणी स्वतःच्या तोट्या राखते, तर मोटारीची गाळणी मागे राहणाऱ्या माणसांची फुप्फुसे राखते. नुकसान मालकाच्या डोळ्यांसमोर घडत नाही, म्हणूनच ती काढण्याचा मोह होतो.

गाळणी काढल्याने खरोखर फायदा होतो काय?

गाळणी काढल्यानंतर गाडीची ओढ सुधारली व डिझेल कमी लागू लागले, असा अनुभव काहीजण सांगतात. हा अनुभव खोटा नसतो, पण तुलना चुकीची असते. तुंबलेल्या गाळणीच्या गाडीशी तुलना केली तर फरक दिसणारच. गाळणी नीट साफ केल्यावरही तीच ओढ परत मिळते. स्वच्छ गाळणीमुळे होणारा इंधनाचा तोटा अल्प असतो.

उलट, नुसती गाळणी कापून काम भागत नाही. दाब व उष्णता मोजणारे संवेदक गाडीस जोडलेले असतात. गाळणी नाही हे संगणकास कळते व तो इंजिनची शक्ती कमी करून गाडी जेमतेम चालू ठेवतो. म्हणून संगणकातील मूळ कार्यक्रमच बदलावा लागतो. हे काम अनधिकृतपणे केले असता इतर बिघाडांच्या सूचनाही बंद पडू शकतात आणि खरा बिघाड होऊनही दिवा लागत नाही. अशा बदलामुळे निर्मात्याची हमी नाकारली जाण्याची पाळी येते. पुढे गाडी पूर्ववत करावयाची झाल्यास नवी गाळणी, संवेदक व मूळ कार्यक्रम या साऱ्यांचा खर्च मालकावर पडतो.

कायदा काय सांगतो?

या बाबतीत मोटार वाहन अधिनियम, १९८८ व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू आहेत. संबंधित कलमांत गाळणीचे नाव घेतलेले नाही. त्यावरून ‘कायद्यात मनाई नाही’ असा अर्थ काढला जातो. परंतु तो बरोबर नाही. पुढील तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट वाहनातील बदलाची. वाहनाचा नमुना विक्रीस येण्यापूर्वी पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया यांसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासला जातो. गाळणीसह तपासलेल्या नमुन्यासच मान्यता मिळते व त्याआधारे वाहनाची नोंदणी ‘भारत स्टेज-६’ म्हणून होते. अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले. गाळणी काढलेली गाडी कागदावर स्टेज-६ राहते, रस्त्यावर मात्र राहत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षेची. अधिनियमात २०१९ साली सुधारणा होऊन कलम १८२-अ बदलण्यात आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात करण्यात आली. निर्माता, आयातदार किंवा विक्रेता यांनी नियमबाह्य वाहन विकल्यास किंवा वाहनात तसा बदल केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, किंवा दर वाहनामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

तिसरी गोष्ट असे वाहन चालविण्याची. हवेच्या प्रदूषणाविषयीच्या मानदंडांचा भंग करणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविणाऱ्यास कलम १९० (२) लागू होते. २०१९ च्या सुधारणेप्रमाणे पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने परवान्यासाठी अपात्रता, अशी शिक्षा सांगितली आहे. हे कलम चालविणाऱ्यापुरते नाही. गाडी चालवावयास लावणारा व चालवू देणाराही त्यात येतो. म्हणून ‘गाडी नोकराने नेली होती’ या सबबीवर मालकास सुटका मिळत नाही.

तात्पर्य, भारत स्टेज-६ च्या मोटारीतील गाळणी काढून ती गाडी रस्त्यावर चालविणे कायद्याला धरून नाही.

‘पीयूसी मिळाले, मग हरकत काय?’

हा प्रश्न हमखास विचारला जातो. डिझेल गाडीची पीयूसी तपासणी करताना उभ्या गाडीचे इंजिन जोराने फिरवून धुराचा दाटपणा मोजतात. अतिसूक्ष्म कण डोळ्यास दिसत नाहीत व दाटपणा मोजणाऱ्या यंत्रासही ते पुरते दिसत नाहीत. त्यामुळे गाळणी नसलेली एखादी गाडी या तपासणीत उत्तीर्ण होणे शक्य आहे. पण पीयूसी हे त्या दिवशीच्या धुराच्या मोजणीचे प्रमाणपत्र आहे. वाहनात बदल करण्याची ती परवानगी नव्हे.

इतर देशांनी ही उणीव ओळखून तपासणी कडक केली आहे. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत गाळणी जागेवर आहे की नाही हे पाहिले जाते व ती नसल्यास गाडी नापास होते. बेल्जियममध्ये १ जुलै २०२२, नेदरलँडमध्ये १ जानेवारी २०२३ आणि जर्मनीत १ जुलै २०२३ पासून धुरातील कणांची प्रत्यक्ष संख्या मोजण्यास सुरुवात झाली. गाळणी काढलेली किंवा आतून फोडलेली गाडी या तपासणीत लपून राहत नाही.

गाळणी टिकविण्याचे उपाय

पुढील सूचना पाळल्यास बहुतेक गाड्यांत गाळणी काढण्याचा प्रश्नच उद्भवणार नाही. प्रत्येक वाहनाची पुस्तिका निराळी असते; तीत दिलेली कृती अंतिम मानावी.

१. जवळच्या फेऱ्या नेहमीच्या असतील तर आठवड्यातून एकदोनदा गाडी मोठ्या रस्त्यावर न्यावी व १५ ते २० मिनिटे ताशी ६० किलोमीटरच्या आसपास, रस्त्याचे नियम पाळून, सारख्या वेगाने चालवावी. तालुक्याच्या बाजाराची फेरी यासाठी उपयोगी पडते.

२. गाळणीचा पिवळा दिवा लागल्यास त्याच दिवशी ही कृती करावी. दिवा दिसत असताना आठ-पंधरा दिवस तशीच गाडी चालविणे हेच पुढील मोठ्या खर्चाचे मूळ होय.

३. उभ्या गाडीचा पंखा जोराने चालणे, इंजिनचे फेरे किंचित वाढणे, तापल्याचा वास येणे ही स्वयंशुद्धी चालू असल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी इंजिन बंद करू नये. शक्य तर गाडी आणखी थोडी चालवून क्रिया पूर्ण होऊ द्यावी.

४. या काळात गाडीखालील नळी अतिशय तापते. कडबा, वाळलेले गवत, पाचट, उसाचे चिपाड किंवा गंजी यांच्याजवळ गाडी उभी करू नये. खळ्यात गाडी नेताना ही काळजी विशेष घ्यावी.

५. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे, कमी राख देणारे इंजिन-तेलच घालावे. तेलाची पातळी दांडीवर नियमित पाहावी. पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली असल्यास तेलात डिझेल उतरले आहे असे समजून तेल बदलावे.

६. डिझेल मान्यताप्राप्त पंपावरूनच घ्यावे व पावती ठेवावी.

७. माल भरताना किंवा कोणाची वाट पाहताना इंजिन विनाकारण चालू ठेवू नये.

८. दिवा विझत नसल्यास अधिकृत दुरुस्ती-केंद्रात जावे. तेथे संगणक जोडून काजळी जाळता येते. एक लाखाहून अधिक किलोमीटर चाललेल्या गाडीत राख साठलेली असू शकते. ती योग्य यंत्राने गाळणी उतरवून साफ करावी लागते. तार खुपसणे, ठोकणे किंवा आम्लाने धुणे हे प्रकार करू नयेत. त्यांनी आतील भिंती फुटतात.

जुनी गाडी विकत घेताना

गाळणी काढलेली गाडी बाहेरून ओळखू येत नाही. काही ठिकाणी डबा जागेवर ठेवून आतील भाग फोडून काढलेला असतो. म्हणून २०२० नंतरची डिझेल गाडी जुन्यात घेताना ती उभी करून खालून पाहावी. गाळणीच्या डब्यावर नवा सांधा किंवा झाळकाम आहे काय, हे तपासावे. नळीचे टोक आतून पांढऱ्या फडक्याने पुसावे. सुस्थितीतील गाळणीच्या गाडीत तेथे काजळी फारशी आढळत नाही. फडके दाट काळे झाल्यास शंका घ्यावी व अधिकृत केंद्रात संगणक जोडून गाडी तपासून घ्यावी. व्यवहार पुरा झाल्यावर ती गाडी रस्त्यावर आणण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते, हे विसरू नये.

ट्रॅक्टरविषयी

ट्रॅक्टरांसाठी धुराचे मानदंड वेगळे आहेत. ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ‘ट्रेम स्टेज-४’ लागू झाले. प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये अशी गाळणी असतेच असे नाही. मात्र ज्या यंत्रात ती निर्मात्याने बसविली आहे, तेथे ती राखण्याविषयीच्या वरील सूचना तितक्याच उपयुक्त आहेत. ट्रॅक्टर हेही अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे मोटार वाहनच असल्यामुळे मनमानी बदलास तेथेही मोकळीक नाही.

ग्रामसेवकांचे कार्य

गावातील किती वाहने २०२० नंतरची डिझेल वाहने आहेत, याची सर्वसाधारण माहिती ग्रामसेवकांनी करून घ्यावी. दूध-संस्थेच्या सभेत किंवा ग्रामसभेत पिवळ्या दिव्याचा अर्थ व २० मिनिटांची कृती समजावून सांगावी. गावातील मिस्त्रींनाही या चर्चेत बोलवावे. कारण मालक प्रथम त्यांचाच सल्ला घेतो. केवळ दंडाचा धाक दाखविण्यापेक्षा, गाळणी का तुंबते व ती कशी मोकळी होते हे पटवून दिल्यास काम अधिक टिकाऊ होईल.

पहाटे दूध घेऊन निघालेली पिकअप गावाच्या अरुंद गल्लीतून जाते. तिच्या मागे अंगणात झाडलोट करणारी स्त्री असते, गोठ्यात जनावरे असतात, थांब्यावर शाळेची मुले उभी असतात. गाळणी काढून वाचविलेल्या पैशाची किंमत त्यांच्या श्वासातून वसूल होते. ती वाचविण्यास आठवड्यातून २० मिनिटांचा मोठा रस्ता व योग्य प्रतीचे तेल एवढेच पुरे आहे.